वऱ्हाडचा उन्हाळा आणि कार्यालयातील लॅपटॉप

वऱ्हाडच्या उन्हाळ्याची ख्याती साऱ्या महाराष्ट्रात आहे. एप्रिल आणि मे महिन्यांत राज्यातील सर्वाधिक तापलेल्या शहरांची नावे प्रसिद्ध होतात, तेव्हा अकोला आणि अमरावती ही नावे त्यांत बहुधा असतातच. मे 2024 च्या अखेरीस अकोल्याचा पारा 45 अंश सेल्सिअसच्या पुढे गेला. त्या वेळी जिल्हा प्रशासनाने कलम 144 खाली 25 ते 31 मे या काळासाठी आदेश काढला. कामगारांना पिण्याचे पाणी व पंखे पुरवावेत आणि खाजगी शिकवण्या भर दुपारी घेऊ नयेत, असे त्यान्वये बजावण्यात आले. माणसांच्या रक्षणासाठी अशी दक्षता घेतली जाते हे योग्यच आहे. परंतु त्याच हवेत, त्याच टेबलावर आणखी एक कामकरी दिवसाचे आठ-दहा तास राबत असतो. तो म्हणजे कार्यालयातील लॅपटॉप होय.

हा विषय वरवर पाहता किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तथापि गेल्या दहा-पंधरा वर्षांत ग्रामीण कारभाराचे स्वरूप किती पालटले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे महत्त्व ध्यानी येते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळू लागला. ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 रोजी राज्यभर सुरू झाली. ग्रामपंचायतीचे जमाखर्च, दाखले आणि कराच्या नोंदी, तसेच शाळेची विद्यार्थी-माहिती, हे सारे आता संगणकावर आले आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत देणे हे कार्यालयाचे कर्तव्य ठरले आहे. अनेक गावांत हा सर्व भार एकाच लॅपटॉपवर असतो, आणि कामाची गर्दी नेमकी कडक उन्हाच्या दिवसांतच होते. खरिपाच्या पीक कर्जासाठी सातबारा व आठ-अ लागतो तो मे-जूनमध्ये. दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्नाचे, जातीचे आणि अधिवासाचे दाखले मागणारे पालक दारात येतात तेही याच सुमारास. अशा वेळी यंत्र मंदावले किंवा दुपारी दोन वाजता आपोआप बंद पडले, तर पाच-सात कोस उन्हातून आलेल्या शेतकऱ्याला ‘उद्या या’ असे सांगण्यावाचून गत्यंतर राहत नाही. त्याची एक मजुरी बुडते, ती कोणत्याही नोंदवहीत येत नाही.

यंत्र तापते कसे?

लॅपटॉपला मिळणारी जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. पत्र टंकलिखित करणे, आज्ञावलीत नोंदी भरणे अशा साध्या कामाला सुमारे 15 ते 25 वॅट वीज लागते. दृक्‌श्राव्य बैठक, मोठे नकाशे किंवा एकाच वेळी उघडलेली दहा-वीस संकेतस्थळे असा भार पडला, की ती 45 ते 60 वॅटपर्यंत जाते. जुन्या काळच्या 60 वॅटच्या दिव्याला हात लावणे किती कठीण होते, हे अनेकांना आठवत असेल. तेवढीच उष्णता येथे वहीएवढ्या जाडीच्या पेटीतून बाहेर काढावयाची असते.

हे काम करण्यासाठी आत केलेली योजना मोठी चतुर आहे. प्रोसेसरवर तांब्याची एक चपटी नळी बसविलेली असते. तिच्यात अगदी थोडा द्रव असतो. प्रोसेसरच्या बाजूला त्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला जाऊन निवते आणि पुन्हा द्रव होऊन परतते. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते या ज्या तत्त्वावर माठातील पाणी गार होते, त्याच तत्त्वाचा येथे उपयोग केला आहे. नळीच्या दुसऱ्या टोकाला धातूच्या बारीक पात्यांची जाळी असते आणि तिच्यातून छोटा पंखा हवा लोटतो. बहुधा तळाच्या फटींतून हवा आत येते आणि बाजूने वा मागून गरम होऊन बाहेर पडते.

येथवरची रचना सर्वत्र सारखीच आहे. वऱ्हाडचा प्रश्न वेगळा का आहे, हे समजण्यासाठी एक साधा हिशेब पुरेसा आहे. एखाद्या यंत्राचा प्रोसेसर विशिष्ट कामाच्या वेळी भोवतालच्या हवेपेक्षा 50 अंशांनी अधिक तापतो असे समजू. खोलीतील हवा 25 अंश असेल तर प्रोसेसर 75 अंशांवर राहील आणि काम सुरळीत चालेल. तेच यंत्र, तेच काम, मात्र खोलीतील हवा 43 अंश असेल, तर प्रोसेसर 93 अंशांवर जाईल. बहुतेक प्रोसेसरची कमाल मर्यादा 95 ते 105 अंशांच्या दरम्यान असते. ती जवळ आली की यंत्र स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग आपणच कमी करते, आणि तरीही उष्णता वाढत राहिली तर बंद पडते. दुपारी ‘सर्व्हर स्लो आहे’ म्हणून जी तक्रार होते, तिच्यातील काही भाग सर्व्हरचा नसून टेबलावरच्या यंत्राचाच असतो. सकाळी नऊ वाजता तेच काम त्याच यंत्रावर झपाट्याने होत असेल, तर ही शंका अवश्य घ्यावी. अर्थात दुपारी जाळ्यावरची गर्दीही वाढलेली असते. म्हणून तळाला हात लावून पाहणे आणि पंख्याचा आवाज ऐकणे हा सोपा पडताळा होय.

अनेक उत्पादकांच्या माहितीपत्रकांत लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे नमूद असते. एप्रिल ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत वऱ्हाडातील साध्या खोलीत ही मर्यादा दररोज ओलांडली जाते, याचे भान खरेदी करणाऱ्यांनीही ठेवावयास हवे.

पंखा पुरेसा का नाही?

छताचा पंखा फिरू लागला की माणसाला बरे वाटते, कारण त्याच्या अंगावरचा घाम वाळतो. यंत्राला घाम येत नाही. त्याच्या दृष्टीने पंख्याची हवा ही खोलीतील तीच 42-43 अंशांची हवा होय, फक्त हलणारी. टिनाच्या छताखाली तर पंखा वरची तापलेली हवा खाली लोटतो. बाजारात मिळणाऱ्या, लॅपटॉपखाली ठेवावयाच्या पंखेदार चौकटींनाही हीच मर्यादा आहे. त्यांनी तळाची हवा खेळती राहते आणि थोडा फरक पडतो, पण खोलीच्या हवेपेक्षा थंड हवा त्या आणू शकत नाहीत. प्रथम ही चौकट विकत घ्यावयाची आणि बाकी काही करावयाचे नाही, हा क्रम उलटा आहे.

कूलरचे मात्र तसे नाही. उन्हाळ्यात वऱ्हाडची हवा अत्यंत कोरडी असते आणि कोरड्या हवेत पाणी झपाट्याने वाफ होऊन उष्णता शोषून घेते. हवा 43 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असताना चांगल्या स्थितीतील कूलर सुमारे 28-29 अंशांची हवा देऊ शकतो. कोकणात जे यंत्र निरुपयोगी ठरते, ते येथे वातानुकूलन यंत्राच्या जवळपास जाणारे काम त्याच्या कितीतरी कमी विजेत करते. ज्या ग्रामपंचायतीला अगर शाळेला वातानुकूलन परवडत नाही, तिच्यासाठी हीच खरी सोय आहे. त्यासाठी कूलर खिडकीबाहेर बसवून त्याने बाहेरची हवा आत घ्यावी आणि समोरचे दार वा खिडकी थोडी उघडी ठेवावी. बंद खोलीत कूलर लावला तर तीच ओलसर हवा फिरत राहते आणि तासाभरात त्याचा गुण ओसरतो.

या ठिकाणी वऱ्हाडातील एका खास अडचणीचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांच्या काही भागांत खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील भूगर्भातील पाणी खारट असते. असे पाणी कूलरमध्ये घातले की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. ताट्यांवर पांढरा थर बसून हवा अडते, हे सर्वांच्या पाहण्यात आहे. परंतु हवेच्या झोताबरोबर जे बारीक तुषार उडतात, त्यांतही तेच क्षार असतात. ते लॅपटॉपच्या आत गेले तर धातूच्या सांध्यांवर गंज धरतो, आणि मंडलावर साचलेले क्षार ओलाव्यात वीज वाहून नेतात. म्हणून कूलरचा झोत थेट लॅपटॉपवर कधीही येऊ देऊ नये. यंत्र सहा-सात फूट अंतरावर आणि झोताच्या बाजूला असावे. खोली थंड झाली म्हणजे यंत्राला जे हवे ते मिळते. ज्या गावांत नळयोजनेचे गोडे पाणी आहे, तेथे कूलरसाठी तेच वापरावे. तसे नसेल तेथे टाकीतील पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकावे आणि ताट्या दर हंगामाला बदलाव्यात.

लोखंडी कूलरमध्ये वीजप्रवाह उतरून होणारे अपघात विदर्भात दर उन्हाळ्यात घडतात. अर्थिंगची तपासणी करून घेणे आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाणी न भरणे, हे शिपायापासून सरपंचापर्यंत सर्वांना ठाऊक असले पाहिजे.

खोलीची निवड हीदेखील उपाययोजनाच आहे. पश्चिमेच्या भिंतीलगतचे टेबल दुपारनंतर भट्टीसारखे तापते, तर उत्तरेच्या खिडकीजवळचे टेबल त्या मानाने निवांत असते. छताला बाहेरून चुन्याची दाट सफेदी दिली तर ऊन परावर्तित होते आणि खोलीला होणारा ताप कमी होतो. चुन्याच्या काही पिशव्या आणि एक दिवसाची मजुरी एवढाच हा खर्च असून त्याचा लाभ वर्गातील मुलांनाही मिळतो. जेथे टिनाचे छत आहे तेथे तर हा उपाय कूलरच्याही आधी करावा.

सरकी, रुई आणि धूळ

अकोला आणि अमरावती हे कापसाचे जिल्हे आहेत. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत कापसाच्या गाड्या, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि घराघरांत साठविलेला कापूस यांमुळे हवेत रुईचे सूक्ष्म तंतू तरंगत असतात. त्यांच्या जोडीला काळ्या मातीची पिठासारखी धूळ असते. लॅपटॉपमधील पात्यांच्या फटी जेमतेम एक मिलिमीटरच्या असतात. तंतू तेथे आडवे अडकतात, त्यांच्यावर धूळ बसते आणि काही महिन्यांत पंखा व पाती यांच्यामध्ये नमद्यासारखा घट्ट थर तयार होतो. पंखा मोठ्याने फिरतो, पण बाहेर हवा येत नाही. बाजूच्या फटीसमोर कागदाचा कपटा धरून पाहिला तर तो हलतो की नाही, यावरून ही स्थिती ओळखता येते.

यास्तव साफसफाईसाठी शिमग्याचा सुमार सर्वांत योग्य होय. कापसाचा हंगाम ओसरलेला असतो आणि कडक ऊन अद्याप यावयाचे असते. यंत्र पूर्ण बंद करून, विजेपासून अलग करून, फटींवर मऊ ब्रश फिरवावा आणि हवेच्या छोट्या पिचकाऱ्याने वा ब्लोअरने थोड्या थोड्या झोतांनी धूळ काढावी. झोत देताना आतील पंखा एखाद्या बारीक लाकडी काडीने अडवून धरावा, कारण तो बेभान फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. तोंडाने फुंकर घालण्याची सवय सार्वत्रिक आहे, पण तिच्याबरोबर ओलावा आत जातो. हमीची मुदत संपलेले यंत्र वर्षातून एकदा जाणत्या कारागिराकडून उघडून साफ करून घ्यावे. तीन-चार वर्षांनंतर प्रोसेसर आणि तांब्याची नळी यांमधील उष्णतावाहक लेप वाळलेला असतो. तोही त्याच वेळी बदलून घ्यावा. जिन्याच्या आसपासच्या कार्यालयांना वर्षातून दोनदा सफाई करावी लागेल.

टेबलावर आणि टेबलाबाहेर

सरकारी टेबलावर जाड कापड असते, त्यावर काच असते किंवा नसते, आणि लॅपटॉपला धुळीपासून जपण्यासाठी प्लॅस्टिकचे वेष्टण तसेच ठेवलेले असते. हेतू चांगला, परिणाम उलट. तळाच्या फटी कापडाने झाकल्या गेल्या की हवा आत येतच नाही. मागील बाजूस लाकडाचे दोन ठोकळे वा एखादी जाड वही अशी ठेवावी की तळ एक-दीड इंच उचलला जाईल आणि फटी मोकळ्या राहतील. काही न विकत घेता होणारा हा उपाय आश्चर्यकारक गुण देतो. शिक्षक बंधू-भगिनी रात्री घरी गादीवर किंवा गोधडीवर लॅपटॉप ठेवून माहिती भरतात. तेथे त्याऐवजी पाट घ्यावा.

ओल्या फडक्याने तळ पुसणे, बर्फाची पिशवी खाली ठेवणे किंवा तापलेले यंत्र फ्रीजमध्ये घालणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. थंड पृष्ठभागावर हवेतील ओलावा दवासारखा धरतो, तो बाहेर दिसतो तसा आतही धरतो.

गावोगाव फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. ग्राम महसूल अधिकारी, ज्यांना गावात अद्यापही तलाठी म्हणूनच ओळखले जाते, ते मोटारसायकलवरून दोन-तीन गावे करतात. काम संपल्यावर लॅपटॉप केवळ मिटून पिशवीत घातला जातो. मिटलेले यंत्र नेहमी झोपलेले असतेच असे नाही. कधी ते मध्येच जागे होऊन बंद पिशवीत तापत राहते. प्रवासापूर्वी ते पूर्ण बंद करण्याची शिस्त असावी. उन्हात उभ्या केलेल्या जीपमध्ये तर लॅपटॉप कधीही ठेवू नये. बाहेर 43 अंश असताना बंद गाडीच्या आतील हवा 60 अंशांच्या पुढे जाऊ शकते. उन्हातून आणलेले यंत्र कार्यालयात आल्यावर दहा-पंधरा मिनिटे सावलीत राहू द्यावे, मग सुरू करावे.

कामाची वाटणी

यंत्राला थंड ठेवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे त्याच्यावर दुपारी कमी भार टाकणे. विदर्भातील शाळा उन्हाळ्यात सकाळच्या भरतात. त्याच धर्तीवर मोठ्या याद्या चढविणे, स्कॅन केलेली कागदपत्रे पाठविणे आणि आज्ञावली अद्ययावत करणे ही कामे सकाळी अकराच्या आत उरकावीत. दुपारी केवळ नोंदी, पत्रव्यवहार आणि मुद्रण ठेवावे. न लागणारी संकेतस्थळे बंद करावीत आणि पडद्याचा उजेड बेताचा ठेवावा. विंडोज प्रणालीतील वीज-नियोजनात प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ऐवजी 99 टक्के केली, तर बहुतेक यंत्रांत प्रोसेसरची क्षणिक अतिवेगाची धाव थांबते आणि उष्णता लक्षणीय घटते. कार्यालयीन कामात या बदलाने फारसा फरक जाणवत नाही. काही नव्या यंत्रांत ही सोय दिसत नाही, तेथे वीजबचतीचा पर्याय निवडावा.

दृक्‌श्राव्य बैठकीत कॅमेरा, ध्वनी, पडदा आणि जाळे हे सर्व एकाच वेळी राबत असतात, म्हणून तिचा भार यंत्रावर फार असतो. जिल्हा व तालुका कार्यालयांनी एप्रिल-मेमधील अशा बैठका दुपारी तीनऐवजी सकाळी दहाला ठेवल्या, तर खालच्या पातळीवरील शेकडो यंत्रांचा आणि ती चालविणाऱ्यांचाही ताप वाचेल. यासाठी कोणत्याही तरतुदीची गरज नाही.

बॅटरीची काळजी

उष्णतेने सर्वांत आधी आणि कायमचे नुकसान होते ते बॅटरीचे. प्रोसेसर तापला तरी निवतो, लिथियम बॅटरीची गेलेली शक्ती मात्र परत येत नाही. 40 टक्के भरलेली बॅटरी वर्षभर 25 अंशांत ठेवली तर तिची सुमारे 96 टक्के क्षमता शिल्लक राहते. तीच पूर्ण भरून 40 अंशांत ठेवली तर 65 टक्क्यांच्या आसपास उरते, असे या क्षेत्रात नेहमी उद्धृत केले जाणारे आकडे सांगतात. म्हणजे ऊन आणि पूर्ण भरणा ही जोडी घातक आहे. अनेक यंत्रांत भरणा 80 टक्क्यांवर थांबविण्याची सोय असते, तिचा उन्हाळाभर उपयोग करावा. उन्हाळी सुटीत शाळेचे लॅपटॉप कपाटात ठेवताना निम्मे भरलेले आणि पूर्ण बंद करून, आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवावेत. अडॅप्टरही तापतो, तो कागदांच्या गठ्ठ्याखाली दडपू नये.

पहिला पाऊस पडला की कूलरचा गुण संपतो. हवा 33 अंश आणि आर्द्रता 70 टक्के असता कूलर जेमतेम तीन अंश उतरवितो आणि खोलीतील ओल वाढवितो. त्या दिवसांत तो बंद करून खिडक्या उघडाव्यात. चिखलदऱ्यासारख्या उंचावरच्या ठिकाणी तर उन्हापेक्षा पावसाळी ओलच यंत्राची अधिक मोठी वैरी असते.

टचपॅड वर उचललेले दिसू लागले, झाकण नीट मिटेनासे झाले किंवा तळ फुगला, तर बॅटरी फुगली असे समजावे. असे यंत्र तत्काळ बंद करावे, पुन्हा भरणीस लावू नये, आणि फुगवटा दाबण्याचा किंवा टोचण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, कारण त्यातून आग लागते. बॅटरी कारागिराकडूनच काढून घ्यावी. तिच्या जागी नवी बसविल्यावर जुनी बॅटरी घंटागाडीत किंवा भंगारात देऊ नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 नुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे ती सोपवून पोच घ्यावी व जडसंग्रह नोंदवहीत तशी नोंद करावी.